उजव्या हाताला बघा!

सहल कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात प्रेक्षणीय स्थळांच्या तीन जाती असतात. पहिली आतून बघायची. तिचं तिकीट कंपनी काढते आणि ते काढल्याचं दिवसभर ऐकवते. दुसरी बाहेरून बघायची. तिथे बस थांबते, सगळे उतरतात, स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात, फोटो काढतात आणि पुन्हा चढतात. तिसरी जाता जाता बघायची. तिथे बस थांबतसुद्धा नाही. 'बँकॉक शहर दर्शन, पूर्ण दिवस' या मथळ्याखाली या तिन्ही जाती एकाच टाइपात, एकाच पंगतीला बसवलेल्या असतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असतं: 'वाहतुकीच्या परिस्थितीनुसार कार्यक्रमात बदल संभवतो.' बँकॉकला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, त्या पानावरचं सगळ्यात खरं वाक्य हेच.

माझं स्पष्ट मत असं आहे की आपण मराठी माणसं गटानं परदेशी गेलो की शहर बघत नाही, शहर उरकतो. उरकण्यात आपला हात धरणारं कुणी नाही. साखरपुड्याला जमलोच आहोत तर लग्नही उरकून टाकू म्हणणारे आणि अष्टविनायक दीड दिवसात आटपून सोमवारी ऑफिसात हजर होणारे आपण. 1782 साली पहिल्या रामानं वसवलेली राजधानी सकाळी साडेसात ते रात्री नऊ या वेळात उरकायला आपल्याला अडचण कसली?

अडचण एकच असते, ती म्हणजे आपण स्वतः. साडेसातची बस आठ वाजता हलते, कारण डोकी मोजायची असतात. आमचा टूर मॅनेजर डोंबिवलीचा, विशी नुकतीच ओलांडलेला मुलगा. चहा वेळेवर मिळाला की बसमधल्या सगळ्या काकू त्याला 'बाळा' म्हणायच्या आणि नाही मिळाला की 'अहो मॅनेजर'. तो पुढून मोजत मागे जायचा आणि मागून मोजत पुढे यायचा. दोन्ही वेळा आकडा वेगळा यायचा, कारण दरम्यान कुणीतरी खिडकीपाशी बसायला जागा बदललेली असायची. शेवटी जो माणूस सापडत नसायचा तो बसच्या दाराशी उभा राहून "एवढा वेळ का लागतोय?" असं विचारत असायचा.

गाईडबाई थाई होत्या आणि त्यांचा संयमही थाई होता. बस सुरू होताच त्यांनी शहराचं पूर्ण नाव म्हणून दाखवलं. जगातल्या सर्वांत लांब स्थलनामांत त्याची गणना होते आणि थाई लिपीत त्याची 168 अक्षरं भरतात. क्रुंग थेप महानखोन, अमोन रत्तनकोसिन, मग महिन्थरा युथया, नोप्फरत राच्छथानी असं करत करत ते इंद्रानं दिलेल्या आणि विश्वकर्म्यानं बांधलेल्या नगरीपर्यंत पोचतं. देव, महानगर, अमर, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी असे ओळखीचे चेहरे त्या गर्दीतून डोकावत होते. बाई थांबल्या तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या सांगलीच्या आजींनी हात जोडले. त्यांना ते स्तोत्र वाटलं होतं.

पहिलं देऊळ वाट त्रैमित, चायनाटाउनच्या तोंडाशी. इथली बुद्धमूर्ती सोन्याची आहे, मुलामा नव्हे, सोनं. वजन सुमारे साडेपाच टन. तिची कथा कुठल्याही मराठी बसला जागं करील अशी आहे. बर्मी आक्रमणाच्या भीतीनं कुणीतरी तिच्यावर चुन्याचा गिलावा चढवला, असं मानतात. पुढे ज्यांना हे ठाऊक होतं ते गेले आणि गुपितही त्यांच्याबरोबर गेलं. मूर्ती बँकॉकला आली ती चुन्याची साधी मूर्ती म्हणूनच. या देवळात ती कितीतरी वर्षं पत्र्याच्या छपराखाली बसून होती. 1955 साली नव्या जागी हलवताना ती आपटली, गिलावा तडकला आणि आतून पिवळं काहीतरी चमकलं.

आमच्यात एक काका होते, सहकारी बँकेच्या सोनेतारण विभागातून निवृत्त झालेले. कथा संपेपर्यंत त्यांचं गणित झालेलं होतं. "साडेपाच टन म्हणजे साडेपाच लाख तोळे," ते म्हणाले. बसमध्ये शांतता पसरली. मग एका काकूंनी विचारलं, "घडणावळ धरून?" काकांनी मान हलवली. सगळीकडे कस सारखा नाही, काही भाग जास्त शुद्ध आहेत, तेव्हा सरसकट भाव लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. देवळात पोचल्यावर त्यांनी मूर्तीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी अनेक वर्षांपूर्वी आमच्या बँकेच्या काउंटरवर अनुभवली आहे. पत्र्याच्या छपराची गोष्ट मात्र त्यांना फार लागली. दुपारपर्यंत ते मधूनच म्हणत होते, "पत्र्याखाली! वॉचमनसुद्धा नाही!"

तिथून राजवाड्याकडे जाताना तिसऱ्या जातीची स्थळं सुरू झाली. "उजव्या हाताला बघा, लोकशाही स्मारक!" उजवीकडच्यांनी खिडकीतून पाहिलं, डावीकडच्यांनी उजवीकडच्यांची डोकी पाहिली. 1932 साली अनियंत्रित राजेशाही संपली त्याचं ते स्मारक. बसनं त्याला दिलेला वेळ पाहता क्रांती याहून सावकाश झाली असावी. "आता डाव्या हाताला, प्रचंड झोका!" दोन उंच लाल खांब आणि वर नक्षीदार आडवं लाकूड. एकेकाळी राजदरबारच्या ब्राह्मणविधीत तरुण त्यावर उभे राहून झोके घ्यायचे. अपघात होऊ लागले आणि 1935 साली ही प्रथा बंद पडली. खांब राहिले. "झोका कुठाय?" मागून प्रश्न आला. उत्तर येईपर्यंत खांबही गेले होते.

राजवाड्याचं तिकीट पाचशे बाट. तिकिटाआधी पोशाखाची तपासणी. खांदे झाकलेले हवेत, गुडघे झाकलेले हवेत. आता गंमत अशी की आपल्याकडचा साठीचा गृहस्थ चाळीस वर्षं फुल पँट घालून जगतो आणि परदेशी निघाला की मुलगा त्याला गुडघ्याच्या वर येणारी बर्म्युडा घेऊन देतो. पायांना ऊन लागायची ती पहिलीच वेळ असते. आमचे दोन काका दारातच अडवले गेले. बाहेर अशांसाठीच बसलेल्या विक्रेत्यांकडून त्यांनी हत्तींची छपाई असलेले ढगळ पायजमे घेतले. घासाघीस केली, पण घासाघीस करणाऱ्याचे गुडघे उघडे असले की विक्रेत्याला त्याची गरज दिसते. आत 1882 साली पूर्ण झालेला चक्री महाप्रासाद आहे. अंग सगळं युरोपियन आणि डोक्यावर थाई शिखरं. तिथलेच लोक त्याला 'थाई मुकुट घातलेला गोरा' म्हणतात. त्याच्यासमोर वर अर्धमॅरेथॉनचा टीशर्ट आणि खाली हत्ती, अशा वेशात आमचे काका फोटोला उभे राहिले. वास्तुशैलीच्या दृष्टीनं तो फोटो अतिशय योग्य होता.

राजवाड्याच्या आवारातल्या देवळाभोवती ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. एकूण 178 चित्रं. इतका वेळ घड्याळाकडे बघणारी आमची मंडळी इथे एकदम तज्ज्ञ झाली. हा दशमुख रावण, तो इथे हिरवा. हा मारुती, तो इथे पांढराशुभ्र. हा सेतू. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सेतूच्या चित्राशी गाईडबाईंनी एक मत्स्यकन्या दाखवली आणि ही हनुमानाची पत्नी असं सांगितलं.

"पत्नी?" सोनेतारण काका म्हणाले. "मारुती ब्रह्मचारी आहे."

"इथे नाही," बाई हसून म्हणाल्या.

रावणाची ही मुलगी सेतूचे दगड पळवायला आलेली. हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरला, मग दोघांचं जमलं आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा झाला. शिवाय इतरही बायका होत्या. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका पुढे झाल्या. मकरध्वज आपल्याकडेही आहे, त्या म्हणाल्या. पण मारुतीच्या घामाचा थेंब मगरीनं गिळला आणि त्यातून तो झाला. एवढी सोवळी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करून ठेवली असताना थाई लोकांनी सरळ संसार थाटून द्यावा याचं त्यांना वाईट वाटलं. सांगलीच्या आजींना मात्र वेगळाच मुद्दा दिसला. "म्हणजे मारुती रावणाचा जावई झाला की गं," त्या म्हणाल्या. "तरीच सासऱ्याची लंका जाळली." सगळ्या दिवसात मला इतका चोख रामायणाभ्यास दुसरा ऐकायला मिळाला नाही. टूर मॅनेजर घड्याळ दाखवत होता, पण त्या भिंतीपाशी आमचा गट पहिल्यांदाच घड्याळ विसरला.

त्याच देवळातल्या पाचूच्या बुद्धाला ठरलेला वेळ दहा मिनिटं. मूर्ती 66 सेंटिमीटरची, उंच सिंहासनावर बसलेली, फोटोला बंदी. खाली बसायचं, पण पाय मूर्तीच्या दिशेनं करायचे नाहीत. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या मंडळींनी तो प्रश्न उभं राहून सोडवला. मूर्ती पाचूची नसून जेड जातीच्या हिरव्या दगडाची आहे हे कळल्यावर सोनेतारण काकांचा चेहरा उतरला. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि थंडी यांच्या आरंभी, राजा स्वतः मूर्तीची सोन्याची वस्त्रं बदलतो. आम्ही मे महिन्यात गेलो म्हणून उन्हाळी पोशाख होता. उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावणाऱ्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. समजावावं लागलं ते पुढचं. हीसुद्धा मूर्ती म्हणे गिलाव्यातच सापडली होती. पंधराव्या शतकात चियांग राय इथल्या स्तूपावर वीज पडली, चुन्याचा पोपडा निघाला आणि आत हिरवा रंग दिसला अशी आख्यायिका आहे. "यांनी एकदा देशातल्या सगळ्या मूर्ती खरवडून बघायला पाहिजेत," काका म्हणाले.

म्हणून वाट फो इथे ते फार अपेक्षेनं आले. इथला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच, नखशिखांत सोनेरी. काकांनी विचारलं आणि बाईंनी सांगितलं की आत विटा, वर चुना, त्यावर सोन्याचा वर्ख. सकाळी चुन्याच्या आत सोनं, दुपारी सोन्याच्या आत चुना. काकांनी बाकावर बसून पाणी प्यायलं. तारण विभागात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाचा एका दिवसात इतका छळ होऊ नये.

मूर्ती एका फोटोत मावत नाही, कारण समोर खांब आहेत. त्यामुळे प्रत्येकाकडे डोक्याचा एक, पायांचा एक आणि मधल्या खांबांचे बरेच फोटो असतात. तळपायांवर शिंपल्याच्या चमकत्या तुकड्यांत 108 शुभचिन्हं जडवली आहेत. मागच्या बाजूला ओळीनं 108 भांडी आहेत. वीस बाट दिले की वाटीभर नाणी मिळतात, एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं. कुणाची नाणी नव्वदाव्या भांड्यापाशी संपली, कुणाची शेवटी उरली. उरलेल्यांनी संपलेल्यांना दिली का? नाही. कमी टाकलेल्यांची परतफेड पुढच्या भेटीत करायची की इथेच, यावर चपला घालेपर्यंत चर्चा चालली. चपलांसाठी इथे पिशवी देतात, ती हातात धरून देव बघायचा. चप्पल जाण्याची धाकधूक नसल्यानं आमच्या काही मंडळींचं दर्शनात लक्षच लागेना.

जेवणाचं फार सांगत नाही. बँकॉकमध्ये पिठलं, बटाट्याची भाजी, वरणभात आणि शेवटी गुलाबजाम. कुणीतरी डब्यातून भडंग काढलं, कुणीतरी लसणीची चटणी. बाहेर रस्त्यावर गवती चहा, तुळस आणि मासळीच्या सॉसचा वास होता, तो दार बंद करून बाहेर ठेवला.

आणि मग दुकान. छापील कार्यक्रमात याचं नाव 'रत्नदालनास भेट' असं असतं आणि ते कधीच रद्द होत नाही. पाचूच्या बुद्धाला दहा मिनिटं, रत्नदालनाला दीड तास. दिवसभराच्या सहलीचा जमाखर्च ज्याला वाचायचा असेल त्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. स्वस्त सहलीतली तूट दुकानाच्या कमिशनमधून भरून निघते. चीनहून येणाऱ्या अशा जवळजवळ फुकट सहलींवर थायलंड सरकारनं 2016 साली कारवाईही केली होती. आपल्या सहली फुकट नसतात, पण दुकान असतं. आधी छोट्या गाडीत बसवून खाणीचे देखावे दाखवतात, मग थंडगार पेय देतात, मग एवढ्या मोठ्या दालनात सोडतात की बाहेरचं दार सापडेपर्यंत माणूस किमान कानातलं तरी घेतो. विक्रेत्या मुली हिंदी बोलतात. "दीदी, माणिक देखो." दीदी म्हटल्यावर काकूंची पावलं आपोआप मंदावतात.

पण त्या दिवशी दुकानाला सोनेतारण काका भेटले. सकाळपासूनची सगळी निराशा त्यांनी इथे वसूल केली. खिशातून भिंग काढलं. हो, सहलीला भिंग! पुष्कराज उजेडात धरला, नीलम पालथा केला, प्रमाणपत्र मागितलं, प्रमाणपत्र कुणी दिलं त्याचं प्रमाणपत्र मागितलं. त्यांच्यामागे आमच्या गटातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या आणि प्रत्येक नगावर त्यांच्या मानेकडे बघत होत्या. मान आडवी हलली की नग परत. दीड तासात दुकानाचं नुकसान किती झालं ते मला माहीत नाही. टूर मॅनेजरचा चेहरा पाहून अंदाज आला.

परतताना राचप्रसोंगच्या चौकात बस अडकली. बँकॉकच्या कोंडीचं वैशिष्ट्य म्हणजे ती मुकी असते. शेकडो गाड्या उभ्या, पण हॉर्न नाही. आमच्या लोकांना सुरुवातीला काहीतरी अघटित घडलंय असंच वाटलं. बस जिथे थांबली तिथेच एरावान देवस्थान होतं. छापील यादीत ते तिसऱ्या जातीत, म्हणजे जाता जाता. आम्ही जातच नव्हतो. त्यामुळे संपूर्ण दिवसात सर्वांत निवांत पाहिलेलं स्थळ तेच.

आत चार तोंडांचा सोनेरी ब्रह्मदेव. शेजारी हॉटेल बांधताना अडथळ्यांवर अडथळे येऊ लागले, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्यानं 1956 साली याची स्थापना झाली. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथे मॉल, हॉटेलं आणि उंचावरून धावणारी स्काय ट्रेन यांच्या मधोमध तो बसलाय आणि ऑफिसातून सुटलेल्या मुली उदबत्त्या घेऊन त्याच्या चारही तोंडांना पाळीपाळीनं नमस्कार करतायत. नवस फेडायला तिथे नर्तिका मिळतात. पैसे भरायचे, त्या मुकुट घालून देवापुढे नाचतात, आपण गुडघे टेकून बसायचं. लाकडी हत्तीही वाहतात. पलीकडे एका दुकानाच्या कोपऱ्यात खांबावर बसवलेलं बाहुलीच्या घराएवढं देऊळ होतं. जागेच्या रक्षक देवतेचं. समोर नैवेद्याला लाल रंगाच्या सरबताची बाटली, उघडून आत स्ट्रॉ घातलेली. देवाला झाकण काढायचा त्रास नको, इतका विचार करणारे भक्त पाहून सांगलीच्या आजी गहिवरल्या. त्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बघत होत्या. "बाळा, ही बस इथेच असू दे थोडी," असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. सिग्नलनं ऐकलं.

पुढचं प्रातुनामचं मार्केट आपल्या लोकांना तोंडपाठ असतं, तेव्हा तेही सोडतो. बॅगा आल्या, बॅगा ठेवायला बॅगा आल्या. एकच गोष्ट सांगतो. एका हातगाडीवर आंबा आणि चिकट भात होता. गोड भात, वर नारळाचं दूध, शेजारी 'नाम दोक माय' जातीच्या पिवळ्याधमक आंब्याच्या फोडी. रत्नागिरीचे एक बागायतदार आमच्यात होते. मे महिन्यात घरचा हापूस सोडून आल्याचं दुःख ते सहलभर उगाळत होते. तरुण पोरांनी आग्रह केला म्हणून त्यांनी एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरा आहे. पण याला आंबा म्हणू नये." आणि दुसरी थाळी मागवली.

रात्री नदीवर जहाज. चाओ फ्राया नदी, दोन्ही काठांवर दिवे, टेबलावर पनीर आणि डेकवर हिंदी गाणी. डीजेला कुठून कळतं कुणास ठाऊक, पण आमचा गट चढताच त्यानं आवाज वाढवला. दिवसभर गुडघे धरून चालणाऱ्या काकू नाचू लागल्या. हत्तीछाप पायजम्यातले काकाही नाचले, सैल असल्यानं चांगले नाचले. त्या नाचात डावीकडून वाट अरुण निघून गेलं. अरुणाच्या नावाचं, पहाटेचं देऊळ आम्ही रात्री नऊला, पाठमोरे उभे राहून पाहिलं. शिखरभर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची फुलं जडवलेली आहेत, पण ती दिसायला ऊन लागतं आणि जवळ जावं लागतं. छापील यादीत त्यावर बाहेरून पाहिल्याची खूण झाली.

तुम्ही जाणार असाल आणि ते उजेडात बघायचं असेल, तर एवढं करा. वाट फोमधून बाहेर पडलात की बसकडे वळू नका. जवळच ता तियनचा धक्का आहे, तिथून पलीकडे जायला होडी मिळते. नदी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. फक्त टूर मॅनेजरला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा दिवसभर डोकी मोजत बसेल.